जुना आय-सेव्हन की नवा आय-थ्री?

(स्नेहमेळाव्यात शाळेच्या संगणक कक्षासंबंधी केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेला संगणक द्यायचे हे आपण एका संध्याकाळी ठरवलं. पैसे पंधरा दिवसांत जमले. पण कोणते संगणक द्यायचे, यावर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले तीन महिने वाद चालू आहे. सकाळी उठल्यावर आधी शुभ सकाळची फुलं आणि त्याखाली लगेच प्रोसेसर! शेवटी संयोजकांनी मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमधली आहेस, वीस मिनिटं बोल आणि हा विषय एकदाचा मिटव." मिटवण्याची हमी मी देत नाही. पण वाद नेमका कशावर घालायचा, एवढं तरी आज स्पष्ट व्हावं असा प्रयत्न करते. शेवटी माझा प्रस्तावही मांडणार आहे.

ज्यांनी ग्रुप म्यूट करून ठेवलाय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्याकडे दोन कोटेशनं आहेत. पहिल्यात कंपन्यांनी वापरून काढलेले, साफसूफ करून पुन्हा विकायला ठेवलेले, म्हणजे रिफर्बिश्ड संगणक आहेत. त्यांत इंटेलचा कोअर आय७-४७९० हा प्रोसेसर आहे. दुसऱ्यात कोरे करकरीत संगणक आहेत, त्यांत आय३-१२१०० आहे. एका नव्याच्या पैशात दोन जुने येतात. म्हणजे जमलेल्या निधीत २० जुने किंवा १० नवे.

ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणतो, "आय-सेव्हन तो आय-सेव्हन. शाळेला आय-थ्री देताना लाज नाही का वाटणार?" दुसरा म्हणतो, "दहा-बारा वर्षांपूर्वीचं भंगार शाळेच्या गळ्यात कशाला मारता?" दोन्ही बाजूंचा हेतू चांगला आहे. पण एक बाजू फक्त नाव बघते आणि दुसरी फक्त वय बघते. प्रोसेसरची तुलना या दोन्हींवरून होत नाही.

आधी नावाचं बघू. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन या आपल्या शाळेतल्या तुकड्या समजा. अ, ब आणि क. (सर, हसू नका, आम्ही काही विसरलेलो नाही.) आता मला सांगा, नववी क मधला मुलगा आणि सहावी अ मधला मुलगा यांना एकच गणित घातलं, तर कोण सोडवेल? फक्त तुकडी विचारून उत्तर देता येणार नाही. आधी इयत्ता विचारावी लागेल. प्रोसेसरमध्ये ती इयत्ता डॅशनंतरच्या आकड्यात असते. ४७९० म्हणजे चौथी पिढी, हा २०१४ साली बाजारात आला. १२१०० म्हणजे बारावी पिढी, हा जानेवारी २०२२ चा. म्हणजे आपण चौथी अ आणि बारावी क यांची तुलना करतोय. दुकानदार मोठ्या अक्षरात लिहितो ती तुकडी. इयत्ता मात्र बारीक अक्षरात असते.

नावानंतर ग्रुपवर सगळ्यांत जास्त फिरलेला शब्द म्हणजे गिगाहर्ट्झ. आमच्या एका मित्राने दोन्ही कोटेशनांवर लाल गोल काढून पाठवले. जुन्याचा मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ, नव्याचा ३.३. "बघा, जुनाच जास्त आहे!" आता हा आकडा काय सांगतो ते बघू.

प्रोसेसरच्या आत एक ठोका सतत पडत असतो, पी.टी.च्या तासाला सर शिट्टीवर कवायत घ्यायचे तसा. ३.६ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३६० कोटी ठोके. हा आकडा खरा आहे, त्यात काही खोटं नाही. पण एका ठोक्यात किती काम होतं, हे तो सांगत नाही. कामाला लागणारा वेळ तीन गोष्टींच्या गुणाकारातून येतो: काम पूर्ण करायला एकूण किती आज्ञा लागतात, एका आज्ञेला सरासरी किती ठोके लागतात, आणि एक ठोका केवढा आहे. गिगाहर्ट्झ यांतली फक्त तिसरी गोष्ट आहे. गणिताच्या सरांनी शिकवलेलंच आहे, तीन संख्यांच्या गुणाकारातली एकच माहीत असेल तर उत्तर काढता येत नाही.

हे आज सुचलेलं शहाणपण नाही. संगणकाच्या दुनियेने याची मोठी किंमत मोजली आहे, आणि ते घडलं तेव्हा आपण सगळे कॉलेजात होतो. नोव्हेंबर २००० मध्ये इंटेलने पेंटियम ४ बाजारात आणला. वेग १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झ. त्याआधीचा पेंटियम ३ त्याच वर्षी मार्चमध्ये १ गिगाहर्ट्झला पोहोचला होता. कागदावर दीडपट उडी. लोकांना वाटलं, संगणक दीडपट वेगाने चालणार. मग तज्ज्ञांनी दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून तीच कामं दोघांना दिली. व्हिडिओ दाबून लहान करणं, क्वेक थ्रीसारखे काही खेळ, यांत पेंटियम ४ चांगला पुढे गेला. पण ऑफिसच्या रोजच्या काही कामांत तो १ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ३ च्या जेमतेम बरोबरीने चालला, काही ठिकाणी मागेही पडला. सेकंदाला ५० कोटी ठोके जास्त, आणि तरी मागे!

असं का झालं, हे कळायला आपलं श्रमदान आठवा. मैदान सपाट करताना आपण रांग करून मातीची घमेली हातोहात पुढे द्यायचो. समजा, रांगेत दहा जण आहेत. प्रत्येकाला दोन पावलं चालून घमेलं पुढच्याला द्यावं लागतं. आता त्याच अंतरात वीस जण उभे करा. प्रत्येकाला एकच पाऊल. साहजिकच हातबदल जलद होतो, शिट्टी जलद वाजवता येते. पेंटियम ३ मध्ये अशी रांग सुमारे १० टप्प्यांची होती. पेंटियम ४ मध्ये ती २० टप्प्यांची केली. म्हणून ठोका जलद झाला.

पण मध्येच कोणी ओरडलं, "अरे, ही माती इकडे नको, तिकडे टाकायची होती!" तर? रांगेतली सगळी घमेली वाया. पुन्हा पहिल्यापासून भरायची. दहाची रांग असेल तर दहा घमेल्यांचं नुकसान, वीसची असेल तर वीसचं. प्रोग्रॅममध्ये असे फाटे सतत येतात: अमुक असेल तर हे कर, नसेल तर ते कर. प्रोसेसर कोणता फाटा येईल याचा आधीच अंदाज बांधून काम सुरू करतो. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. जेव्हा चुकतो, तेव्हा लांब रांगेला जास्त फटका बसतो. व्हिडिओच्या कामात तीच तीच क्रिया लाखो वेळा करायची असते, फाटे कमी असतात, म्हणून तिथे लांब रांग शोभली. ऑफिसच्या कामात फाटे फार, तिथे ती नडली.

पुढे काय झालं तेही सांगते. त्याच काळात स्पर्धक एएमडी कंपनीने २००१ मध्ये ॲथलॉन एक्सपी आणला तेव्हा नावात गिगाहर्ट्झ लिहिणंच टाळलं. त्यांच्या १८००+ नावाच्या प्रोसेसरचा खरा वेग १.५३ गिगाहर्ट्झ होता. ठोका कमी असला तरी काम जास्त होतं, असं त्यांना गिऱ्हाइकाला सांगायचं होतं. इंटेलने मात्र रांग आणखी लांबवली. २००४ च्या पेंटियम ४ मध्ये ती ३१ टप्प्यांची झाली. पण जलद ठोक्याबरोबर उष्णता वाढत गेली. ३.८ गिगाहर्ट्झच्या पुढे गाडी सरकेना. ४ गिगाहर्ट्झचा ठरलेला प्रोसेसर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला. मग २००६ च्या जुलैमध्ये कोअर टू डुओ आला. त्याची रांग १४ टप्प्यांची, सुरुवातीच्या साध्या मॉडेलचा वेग फक्त १.८६ गिगाहर्ट्झ, आणि तरी बहुतेक कामांत तो ३.८ च्या पेंटियम ४ च्या पुढे. उष्णतेचा दर्जा ११५ वॅटवरून ६५ वॅटवर आला. आणि गंमत म्हणजे या कोअर टूचं घराणं पेंटियम ३ चं! मागे पडला म्हणून बाजूला ठेवलेल्या आराखड्यावर इस्राएलमधल्या हैफाच्या अभियंत्यांनी लॅपटॉपसाठी काम चालू ठेवलं होतं. त्यातून ही नवी ओळ उभी राहिली.

आता आपल्या दोन यंत्रांकडे येऊ. दोन्हींत कोअर चार आहेत, म्हणजे काम करणारे हात सारखेच. जोर लावला की जुना जास्तीत जास्त ४.० गिगाहर्ट्झपर्यंत जातो, नवा ४.३ पर्यंत. फरक सात-आठ टक्क्यांचा. पण एकाच कोअरवर चालणारं जड काम दिलं, तर नवा साधारण दीडपट ते पावणेदोनपट भरतो. चारही कोअर कामाला लावले तर फरक जवळजवळ दुपटीपर्यंत जातो. सात-आठ टक्के ठोक्यांतून एवढा फरक येणार नाही. तो येतो एका ठोक्यातल्या कामातून. जुना एका ठोक्याला चार आज्ञा उलगडून घेऊ शकतो, नवा सहा. जुना १९२ अर्धवट कामं एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवून त्यांतलं जे आधी होईल ते करतो, नवा ५१२ ठेवतो. जवळची कप्प्यातली मेमरी, जिला कॅश म्हणतात, ती ८ एमबीवरून १२ वर गेली. बाहेरची रॅम डीडीआर३ वरून डीडीआर४ वर आली, तिचा वेग दुप्पट झाला. थोडक्यात, बारावी क ने चौथी अ ला मागे टाकलं, यात आश्चर्य काही नाही.

"मग ठरलं तर, आय-थ्रीच घ्यायचा!" असं माझ्या डाव्या हाताला बसलेली मंडळी म्हणणार. थांबा. आत्तापर्यंत मी फक्त एवढं सांगितलं की कोणता प्रोसेसर जास्त वेगवान आहे. शाळेसाठी कोणता बरा, हा प्रश्न अजून तसाच आहे.

संगणकाच्या क्षेत्रात प्रोसेसर मोजण्यासाठी स्पेक नावाची संस्था १९८८ पासून काम करते. तिची पद्धत मला आवडते. ती एकच परीक्षा घेत नाही. तिच्या २००० सालच्या संचात पूर्णांकांचे १२ आणि दशांशांचे १४ प्रोग्रॅम होते, प्रत्यक्ष वापरातल्या कामांवर बेतलेले. निकाल छापताना एकूण गुणांबरोबर प्रत्येक प्रोग्रॅमचे गुण वेगळे छापतात, आपल्या गुणपत्रिकेसारखे. एकूण टक्के बघून कौतुक करायला ठीक आहे. पण ज्याला चित्रकलेला घ्यायचंय त्याने चित्रकलेचे गुण बघावेत. म्हणून मी शाळेच्या संगणक शिक्षकांना विचारलं, "मुलं तासाला नेमकं काय काय करतात?" त्यांनी वहीत लिहून दिलं: मराठी आणि इंग्रजी टायपिंग, लिबर ऑफिसमध्ये तक्ते आणि स्लाइड, स्क्रॅच, नववी-दहावीला थोडं पायथन, ब्राउझरवर माहिती शोधणं, यूट्यूबवर प्रयोगांचे व्हिडिओ. आणि स्नेहसंमेलन आलं की व्हिडिओ एडिटिंग, तेही दोन-चार मुलांपुरतं.

ही झाली आपली प्रश्नपत्रिका. मग दुकानदाराकडून दोन्हींतला एकेक संगणक दोन दिवसांसाठी मागून आणला आणि शाळेतच चाचणी घेतली. परीक्षा न्याय्य हवी, म्हणून दोघांना रॅम सारखीच, ८ जीबी. एसएसडी सारखीच. आतली प्रणाली तीच, प्रोग्रॅम तेच. प्रत्येक काम पाच वेळा केलं आणि पहिली खेप सोडून दिली, कारण पहिल्या खेपेला डिस्कवरून सगळं नव्याने वाचावं लागतं.

टायपिंग, तक्ते, स्लाइड, स्क्रॅच यांत आठवीच्या मुलांना कोणतं यंत्र कोणतं हे ओळखताच आलं नाही. स्क्रीन झाकून विचारलं, तर अंदाज निम्मे बरोबर, निम्मे चूक. कारण सरळ आहे. मूल एक अक्षर टाइप करून पुढचं शोधेपर्यंत दोन्ही प्रोसेसर कोट्यवधी ठोके नुसते बसून असतात.

पायथनमध्ये मोठ्या संख्यांपर्यंतच्या मूळ संख्या काढायला लावल्या, तेव्हा नव्याला जुन्याच्या साधारण साठ टक्के वेळ लागला. पण शाळेच्या अभ्यासक्रमातले प्रोग्रॅम दोघांवरही पापणी लवायच्या आत संपतात. व्हिडिओ तयार करण्यात मात्र फरक डोळ्यांना दिसला. नव्याचं काम उरकलं तेव्हा जुना जेमतेम निम्म्याच्या थोडा पुढे होता.

यूट्यूबचा मुद्दा थोडा वेगळा आहे. तिथले व्हिडिओ ज्या नव्या पद्धतींनी दाबलेले असतात, ते उलगडायची खास सोय नव्याच्या चिपमध्ये आहे, जुन्याच्या चिपमध्ये ती पुरती नाही. त्यामुळे जुन्यात ते काम प्रोसेसरला स्वतः करावं लागतं आणि पंखा जोरात फिरायला लागतो. व्हिडिओ अडखळला नाही, पण आवाज आला.

आणि आता या चाचणीतला सगळ्यांत मोठा फरक. तो या दोन प्रोसेसरमध्ये सापडलाच नाही. जुन्या यंत्रात आम्ही एसएसडी काढून जुनी फिरती हार्ड डिस्क लावून बघितली. तोच आय-सेव्हन, पण चालू होऊन कामाला तयार व्हायला मुलांची प्रार्थना, प्रतिज्ञा आणि सुविचार होऊन जाईल एवढा वेळ! रॅम ८ वरून ४ जीबी केली, तर ब्राउझरची पाच-सात पानं उघडताच यंत्र गुदमरलं. म्हणजे आपण तीन महिने ज्यावर भांडलो त्यापेक्षा जास्त फरक पाडणाऱ्या दोन गोष्टी कोटेशनात खाली एका ओळीत होत्या, आणि त्यांच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. पहिल्या कोटेशनात हार्ड डिस्कच लिहिली होती. ती बदलून एसएसडी घ्या म्हटल्यावर दुकानदाराने त्याच पैशात तयारी दाखवली. एवढं एक वाक्य या तीन महिन्यांतलं सगळ्यांत फायद्याचं ठरलं.

आता जुन्याच्या बाजूने न बोलणाऱ्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, विंडोज १० ला कंपनीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आपला चौथीतला त्यात बसत नाही. दुकानदार म्हणतो, "मॅडम, काहीतरी करून टाकून देतो." तसं काहीतरी करून शाळेत काही टाकू नये. जुन्या यंत्रांवर लिनक्स टाकावं, ते मोफत आहे आणि या प्रोसेसरवर उत्तम चालतं. "मुलांना विंडोज नको का यायला?" असं काहींना वाटेल. केरळमधल्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकवतात. तक्ता तोच, स्क्रॅच तेच, पायथन तेच, मराठी टायपिंगचा कळफलकही तोच.

दुसरी गोष्ट, जुनं यंत्र ते जुनंच. वीजपुरवठ्याचा डबा, पंखा, मदरबोर्डची बॅटरी, यांतलं काहीतरी बिघडणार हे धरून चालायचं. म्हणून सगळी यंत्रं एकाच मॉडेलची घ्यायची आणि एक जास्तीचं ठेवायचं, म्हणजे एकाचे सुटे भाग दुसऱ्याला चालतात. विजेच्या बाबतीत ग्रुपवर ८४ वॅट आणि ६० वॅट या आकड्यांवरून बिलाचे हिशेब मांडले गेले. ते आकडे चिप किती तापेल हे धरून गार करण्याची सोय ठरवण्यासाठी असतात. मीटर तेवढा सतत फिरत नाही. टायपिंगच्या तासाला दोन्ही प्रोसेसर त्याहून कितीतरी कमी वीज घेतात.

आता माझा हिशेब ऐका. संगणकाच्या तासाला ३० मुलांचा गट येतो. १० नवे घेतले तर एका यंत्रापुढे तीन मुलं. तुम्ही सगळे तिघांच्या बाकावर बसलेले आहात, तुम्हाला सांगायला नको. एक चालवतो, एक त्याला चुका दाखवतो आणि तिसरा खिडकीबाहेर बघतो. त्यातही चालवणारा बहुतेक वेळा तोच असतो, ज्याच्या घरी संगणक आहे. आपल्या वेळी शाळेत दोनच संगणक होते आणि खोलीबाहेर चपला काढून आत जायचं. आमच्यातल्या कित्येक जणी दहावी पास झाल्या, पण त्यांचं बोट कळफलकाला लागलं नाही. वेगवान प्रोसेसर त्या तिसऱ्या मुलीला काहीच देत नाही. तिला पाहिजे ती समोरची खुर्ची.

२० जुने घेतले तर दोघांमागे एक यंत्र होतं, पण १५ लागतात आणि पाच उरतात. ते पाच पडून राहतील, आणि व्हिडिओ एडिटिंगसारखी जड कामं विसावरही हळूच होतील.

म्हणून माझा प्रस्ताव असा. १६ जुने घ्यायचे. १५ मुलांसाठी आणि एक राखीव. प्रत्येकात ८ जीबी रॅम आणि एसएसडी, वर लिनक्स. उरलेल्या चार जुन्यांच्या पैशात दोन नवे आय-थ्री घ्यायचे, विंडोज ११ सकट. एकावर व्हिडिओ आणि मोठे प्रोजेक्ट, दुसरा शिक्षकांसाठी आणि शाळेच्या कार्यालयाच्या ऑनलाइन कामांसाठी. वायरिंग आणि अर्थिंग शाळा करून घेणार आहे, असं मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं आहे. ते आधी पूर्ण व्हावं, मग यंत्रं यावीत. चांगलं अर्थिंग नसेल तर आय-सेव्हन आणि आय-थ्री दोघंही एकाच दिवशी एकाच इयत्तेत जातील!

यंत्रं घेताना काय तपासायचं, तेही सांगून ठेवते. प्रत्येक यंत्र चालू करून आतलं मॉडेल वाचायचं, वर चिकटवलेल्या स्टिकरवर विसंबायचं नाही. रॅम आणि एसएसडी मोजून घ्यायची. अर्धा तास जड काम चालवून बघायचं, तापून मध्येच बंद पडतंय का ते कळतं. हमी किती महिन्यांची आणि ती कोण पाळणार, हे बिलावर लिहून घ्यायचं. पहिल्या वर्षभर दर महिन्याला एका शनिवारी मी येईन. माझ्याबरोबर आपल्यातले अजून दोघं-तिघं आले तर धूळ झाडणं, पंखे साफ करणं आणि प्रणाली अद्ययावत ठेवणं दुपारपर्यंत होऊन जाईल. श्रमदानाची सवय आपल्याला आहेच.

शेवटचं एक. उद्घाटनाला फलक लावणार आहोत, त्यावर "आय-सेव्हन संगणक कक्ष" असं लिहू या, अशी एक सूचना आली आहे. माझी विनंती आहे, तसं लिहू नये. दोन-चार वर्षांत तो शब्द जुना होईल. फलकावर बॅचचं वर्ष लिहा आणि खाली एक ओळ लिहा: दोघांमागे एक संगणक. पुढच्या बॅचेसनी त्यात भर घालून ती ओळ बदलावी, एकामागे एक संगणक अशी.

प्रस्ताव मांडला आहे. जेवणानंतर हात वर करून ठरवू या आणि आजच दुकानदाराला फोन करू. म्हणजे उद्यापासून ग्रुपवर पुन्हा फक्त शुभ सकाळची फुलं येतील.